सणाच्या दिवशी आलेलं बाळ

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ धरू. महाराष्ट्रातलं एखादं तालुक्याचं गाव. पेठेत झेंडूचे ढीग संपत आलेत, दुकानांत वहीपूजनाची गडबड आहे, आणि शिशुगृहातला निम्मा कर्मचारीवर्ग रजेवर गावी गेला आहे. उरलेल्या दोन मावशी मोठ्या मुलांना नवे कपडे घालून पणत्यांशी बसवण्याच्या खटपटीत असतात, तेवढ्यात अधीक्षक ताईंचा फोन वाजतो. एस.टी. स्टँडच्या मागच्या बाजूला दुपट्यात गुंडाळलेलं बाळ सापडलं आहे. मुलगी आहे. नाळ नुसती कापलेली, बांधलेलीही नाही. पोलीस तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेले आहेत. पलीकडून हवालदार विचारतात, "ताई, जागा आहे का?"

या प्रश्नाला त्या घरात एकच उत्तर असतं. ताई पर्स उचलतात, एक मावशी हातातलं निरांजन खाली ठेवून कपाटाकडे वळते. झबलं, टोपडं, कुंची, दोन मऊ दुपटी आणि एक गोधडी घेऊन त्या रुग्णालयाकडे निघतात. कपाटात हा संच कायम तयार असतो. ज्या घरी बाळंतपण व्हायचं असतं तिथे बाळंतविडा महिनाभर आधी भरतात. इथे तो वर्षभर भरलेला ठेवावा लागतो, कारण इथली तारीख कुणी कळवत नाही.

बातमीत या मुलीचं नाव 'टाकलेलं अर्भक' असं येईल. शिशुगृहातल्या मावश्या मात्र 'बाळ आलं' म्हणतात. मला या दोन शब्दांतला फरक फार मोलाचा वाटतो. 'टाकलेलं' हा शब्द मोठ्या माणसांच्या कृतीबद्दल बोलतो आणि ती कृती बाळाच्या कपाळी चिकटवतो. 'आलं' म्हणताना बोलणारा बाळाच्या बाजूला उभा असतो. या प्रकरणात आपण दुसऱ्या बाजूने पाहणार आहोत. बाळ कुणी सोडलं याच्या बातम्या पुष्कळ छापून येतात. ते कुणी, कसं घेतलं हे क्वचितच लिहिलं जातं.

पहिला शत्रू गारठा. भूक त्याच्यानंतर येते. नवजात बाळाच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने बराच मोठा असतो, त्यामुळे अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि त्या कुडकुडण्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांच्या मध्ये, मानेपाशी आणि मूत्रपिंडांभोवती एक खास प्रकारची तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब निर्माण करतं. या जळणाला साखर आणि प्राणवायू लागतो. म्हणजे गारठलेलं बाळ गप्प पडलेलं दिसलं तरी आतून शिल्लक खर्चत असतं. शिल्लक संपली की रक्तातली साखर उतरते, श्वास मंदावतो आणि रडणं थांबतं. 'बाळ शांत झोपलंय' असं पाहणाऱ्याला वाटतं, तो क्षण बहुतेकदा सगळ्यांत धोक्याचा असतो. कमी दिवसांच्या बाळात तर ही चरबीही अपुरी असते. दिवाळीत मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात पहाटे चांगलीच थंडी पडू लागलेली असते.

नवजात बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असायला हवं. तापमापक हाताशी नसला तरी जाणत्या मावशीला हाताने कळतं. पोट गरम आणि तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. पोटही गार लागलं, तर वेळ दवडायची नाही. ओलं कापड काढून टाकायचं, अंग पुसून कोरडं करायचं, डोक्यावर टोपडं चढवायचं, कारण बरीच ऊब निसटते ती डोक्यावाटे. मग बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्यायची. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली डॉक्टरांनी रुग्णालयात वापरायला सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे काचेच्या उबदार पेट्या पुरेशा नव्हत्या. आज ती 'कांगारू मातृसेवा' म्हणून जगभर शिकवली जाते. नावात माता असली तरी ती आईच असली पाहिजे असं नाही. बाळाला ज्या छातीची ऊब लागते, ती मावशीची असली तरी चालते.

सापडलेल्या बाळाला लगेच आंघोळ घालायची नसते. घाण लागली असेल तेवढी पुसायची. मध चाटवायचा नाही, गुळाचं पाणी, घुट्टी द्यायची नाही. मधातून येणारा एक जंतू इतक्या लहान आतड्यात विष तयार करू शकतो. नाळ न बांधता कापलेली असेल तर तिथून रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग अशी दोन्ही भयं असतात. ती स्वच्छ चिमट्याने बंद करतात. रक्तातली साखर तपासतात. रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्व टोचतात. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बीची पहिली लस या तीन गोष्टी होतात. यातली शेवटची शक्यतो जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायची असते, म्हणून सण आहे, उद्या बघू, असं म्हणून चालत नाही.

पण 24 तास मोजायचे कुठून? सांगायला तर कुणी नाही. तेव्हा डॉक्टर बाळाच्या अंगावरूनच वाचतात. नाळेचा तुकडा ओला, पांढुरका आहे की सुकून काळा पडू लागलाय? पहिल्या एक-दोन दिवसांतली काळपट हिरवी, चिकट शी अजून होते आहे का? तळव्यांवरच्या रेघा किती खोल आहेत, कानाची पाळी दुमडली तर पुन्हा उभी राहते का? यावरून ते बाळ किती तासांचं आणि किती आठवड्यांचं हे ठरतं. या मुलीच्या जन्मदाखल्यावर पुढे जी तारीख येईल, ती या वाचनातून आलेली असेल.

मग दूध. रुग्णालयाजवळ मातृदुग्धपेढी असेल तर बाळाचं भाग्य. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ज्या बायांना जास्तीचं दूध येतं त्या ते देतात, तपासून, पाश्चरीकरण करून ते गोठवून ठेवतात आणि ज्या बाळाला आईचं दूध मिळू शकत नाही त्याला मिळतं. पेढी नसेल तर पावडरचं दूध. ओढण्याची ताकद नसेल तर वाटी-चमच्याने, किंवा आपल्याकडच्या जुन्या बोंडल्याने. बोंडलं आता घराघरांतून नाहीसं झालं, पण त्याची चोच बाळाच्या ओठाला टेकवून थेंब थेंब सोडण्याची युक्ती किती शहाणपणाची होती, हे अशा वेळी कळतं.

इकडे रुग्णालयाच्या ओसरीत कागदपत्रं चालू असतात. बाल न्याय अधिनियम 2015 सांगतो की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं कोणतंही मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आलं पाहिजे. ही समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांतली किमान एक स्त्री. महिन्यातले किमान वीस दिवस समिती बसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती बसलेली नसते हे उघड आहे. कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. समितीची बैठक नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यापुढेही नेता येतं, आणि आज कोणता सदस्य उपलब्ध आहे याचा रविवार-सुट्ट्यांसह तक्ता पोलीस ठाण्यांना आधीच द्यायचा असतो. म्हणून ताई रुग्णालयातूनच त्या दिवशीच्या सदस्यबाईंना फोन लावतात. घरात पूजा मांडलेली असते. सदस्यबाई आरती आटोपून निघतात, किंवा आरती दुसऱ्यांवर सोपवून. बाळाला तात्पुरतं कुणाच्या ताब्यात द्यायचं याचा आदेश होतो. कायद्याच्या पुस्तकातलं हे एक छोटंसं कलम आहे. ते नसतं तर भाऊबीज उलटेपर्यंत हे बाळ कुणाच्याही नावावर नसतं.

रात्री उशिरा किंवा डॉक्टर सांगतील त्या दिवशी बाळ शिशुगृहात येतं. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात. बाळंतीण माहेरून बाळ घेऊन आली की जे करायचं तेच. यासाठी कुठलाही नियम नाही, अनुदान नाही. मावश्या ते करतात, आणि मला वाटतं या सगळ्या कामातला तो कणा आहे.

त्याचं कारण शास्त्रातही सापडतं. 1945 साली रेने स्पिट्झ या मानसोपचारतज्ज्ञाने दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एक होतं अनाथ बालकांचं घर, अतिशय स्वच्छ, खाणंपिणं चोख, पण एका परिचारिकेकडे आठाच्या आसपास बाळं. दुसरं होतं स्त्रियांच्या तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया आपापल्या मुलांना स्वतः सांभाळत. दोन वर्षांच्या अवधीत तुरुंगातलं एकही मूल दगावलं नाही. त्या स्वच्छ घरातली एक तृतीयांशाहून अधिक मुलं गेली. छताखाली घेणं आणि मांडीवर घेणं यांतलं अंतर त्या आकड्यांत आहे. शिशुगृहाला देणगी देणाऱ्यांनी ते समजून घ्यावं अशी माझी विनंती आहे. दिवाळीत फराळाचे डबे आणि मोबाईलचे कॅमेरे घेऊन माणसं येतात, नवं बाळ पाहायला मागतात, त्याचे पापे घेतात. चार दिवसांच्या बाळाला त्या पाप्यातून जंतूच मिळतात. त्यापेक्षा जूनमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी एका मावशीच्या वर्षभराच्या पगाराची सोय करा. मावशी टिकली तर बाळाला रोज तोच चेहरा, तोच आवाज आणि तोच वास मिळतो.

पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहिते असं आपण मानतो आणि पाटाशी कोरा कागद, लेखणी ठेवतो. काही शिशुगृहांत तीही पूजा मांडतात. बारशाचा दिवस तर ठरलेलाच. गंमत अशी की लक्ष्मीपूजनापासून बारावा दिवस मोजला तर तो कार्तिकी एकादशीच्या आसपास येतो. पाळण्याला फुलं बांधतात, मोठी मुलं नाव सुचवतात. दिवाळीत आलेल्या मुलीचं नाव ज्योती, दीपाली, पणती असं काहीतरी ठेवण्याकडे कल असतो. आपल्या गोष्टीतल्या मुलीला ज्योती म्हणू.

कार्तिकीच्या निमित्ताने पंढरपूरकडे वळायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या या कामाचा एक उगम तिथे आहे. पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर कुणाला कुठून आलात, का आलात, हे विचारलं जात नाही. एकोणिसाव्या शतकात या न विचारण्याचा आसरा कोवळ्या विधवांनी घेतला. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला होता, पण समाज पुनर्विवाह होऊ देत नव्हता आणि घरातल्याच पुरुषाकडून दिवस गेले तर सगळी शिक्षा त्या मुलीला होती. तीर्थयात्रेच्या नावाखाली तिला पंढरपूरला आणायचं, बाळंतपण उरकायचं आणि मूल मागे ठेवून परतायचं. किती मुलं वाळवंटात राहिली याची मोजदाद कुणी केली नाही. पंढरपूरला न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी 1875 साली तिथे या मुलांसाठी घर उघडलं. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ते पुढे ओळखलं गेलं.

त्याच्याही बारा वर्षं आधी, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनी गुपचूप यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवून जावं. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा अशीच आली. तिचा मुलगा यशवंत याला या जोडप्याने दत्तक घेतलं, वाढवलं, डॉक्टर केलं. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा दवाखाना चालवायला हाच यशवंत बरोबर होता. आणि दार उघडं नव्हतं तिथे काय होत होतं, तेही नोंदलेलं आहे. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. त्याच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं.

सणाच्या दिवशी आलेल्या बाळांपैकी जिचं नाव इतिहासाने जपून ठेवलं, ती मुलगी मात्र इटलीतली. फ्लॉरेन्स शहरात रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने 1419 साली अनाथ बालकांसाठी वास्तू बांधायला घेतली. आराखडा ब्रुनेलेस्कीचा, आरंभीचा मोठा पैसा प्रातो गावच्या फ्रान्चेस्को दातिनी या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातला. 1445 च्या जानेवारीअखेर ती उघडली आणि 5 फेब्रुवारीला पहिलं बाळ आलं. तो दिवस संत आगाथाचा सण. मुलीचं नाव ठेवलं आगाता झ्मेराल्दा. पावणेसहाशे वर्षांपूर्वीच्या त्या वास्तूत आणि आपल्या ज्योतीच्या बारशात नाव शोधायची रीत एकच होती, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

त्या वास्तूच्या दर्शनी भिंतीवर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडवलेली, निळ्या पार्श्वभूमीवर कापडात गुंडाळलेली पांढरी बाळं अजून आहेत. आया बाळाच्या कपड्यांत अर्धं मोडलेलं पदक ठेवत. दुसरं अर्धं स्वतःपाशी. कधी तरी परत येऊ, तेव्हा तुकडे जुळवून ओळख पटेल, ही आशा. बाळ आत ठेवण्याची तिथली गुप्त सोय 1875 साली बंद झाली. पंढरपूरचं घर उघडलं तेच साल. युरोपातल्या या घरांचं मन मोठं असलं तरी हिशेब दुःखाचा होता. दूध पाजायला दाया पुरत नसत आणि आलेल्या बाळांपैकी फार मोठा हिस्सा पहिला वाढदिवसही पाहत नसे. म्हणून मी वर ऊब आणि दुधावर इतकी पानं खर्च केली.

आता त्या आईकडे येऊ. ती कोण हे आपल्या गोष्टीत कुणालाच ठाऊक नाही. बारा वर्षांखालील मुलाला सोडून देणं हा भारतीय न्याय संहितेच्या 93 व्या कलमाखाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. या भीतीनेच ती अंधारात येते आणि उघड्यावर बाळ ठेवून पळते. पण बाल न्याय अधिनियमाने तिच्यासाठी दुसरी वाट ठेवली आहे, आणि ती गावोगावच्या भिंतींवर लिहायला हवी. मूल सांभाळणं शक्य नसेल तर आई बालकल्याण समितीपुढे जाऊन ते कायदेशीरपणे सोपवू शकते. तिची ओळख गुप्त राहते. समिती तिला समजावते, नंतर विचार बदलण्यासाठी 60 दिवस देते. परिस्थितीपुढे इलाज नसल्यामुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असं दिसलं, तर या अधिनियमातली मूल सोडण्याबद्दलची शिक्षा त्यांना लागू होत नाही. दत्तक संस्थांच्या आणि रुग्णालयांच्या दाराशी पाळणा ठेवण्याचीही तरतूद आहे. तमिळनाडूने 1992 साली सेलमपासून अशी पाळणा योजना सुरू केली, कारण तिथे मुलींची हत्या होत होती. पाळण्यामुळे मुलं टाकण्याला उत्तेजन मिळतं असा आक्षेप घेतात. त्यांना माझं सांगणं इतकंच की पाळणा नसलेल्या रात्री बाळ उकिरड्यावर सापडतं.

ज्योतीचा फोटो तीन दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर निवेदनासह छापला जातो. तुम्ही तो चौकोन पाहिला असेल आणि पान उलटलं असेल. नातलगांनी पुढे यावं म्हणून तो असतो. पोलीस शोध घेतात, कुणी मिळालं नाही तर तसा अहवाल समितीला देतात. दोन वर्षांखालच्या मुलाबाबत दोन महिन्यांत, समितीचे किमान तीन सदस्य मिळून, ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करतात. मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या यादीतले पालक, ओळखीची भेट, घरी नेणं आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. 2024–25 या वर्षात देशात या मार्गाने 4515 मुलांना घर मिळालं, त्यांतल्या 4155 जणांना भारतातच. वाट पाहणारे पालक याच्या कितीतरी पट आहेत.

म्हणून वाचकांना कळकळीचं सांगणं. तुम्हाला असं बाळ सापडलं तर त्याला कोरडं करा, डोकं झाका, छातीशी धरा आणि लगेच 1098 किंवा 112 ला फोन करा. सण असो, मध्यरात्र असो, फोन लागतो. जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. बाळाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. बालकाची ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि त्या फोटोत एका माणसाचं सगळं आयुष्य आहे. देवाने आपल्यालाच दिलं असं वाटलं तरी घरी ठेवून घेऊ नका, मूल नसलेल्या ओळखीच्या जोडप्याला परस्पर देऊ नका. कायद्याबाहेर दिलेल्या मुलाचं नातं पहिल्याच तक्रारीला तुटू शकतं. आणि तुमच्या ओळखीत कुणी मुलगी अडचणीत असेल, तर तिला अंधार पडायच्या आत सांगा की तिच्या बाळासाठी दार उघडं आहे आणि त्या दारात तिला नाव विचारून कुणी तुरुंगात टाकणार नाही.